देवा, मी कालव आहे का?

"सात!" अख्खा मंडप ओरडला. "आठ!"

होंगशेठने डोळे मिटले, कौलाचे दोन्ही अर्धचंद्री फाळके कपाळाला लावले आणि फरशीवर टाकले. एकाची सपाट बाजू वर, दुसऱ्याची फुगीर. असं पडलं की देवाचा होकार.

"नऊ!"

बायका तर रडायलाच लागल्या. पुजारी काओने झांज बडवली. "ऐका हो ऐका! वांगये देव स्वतः बोलला! तीनदा होकार म्हणजे नशीब, नऊदा म्हणजे आज्ञा! शनिवारी मत कुणाला, ते आता माणसांनी ठरवायचंच नाही!"

"मग मतपेट्या काय तुझ्या आत्याबाईच्या लोणच्यासाठी?" मी पुटपुटलो. ऐकलं ते फक्त लिएनताईने. दुसरं कोण ऐकणार? देवाच्या वाढदिवसाची पंगत होती, दहा-दहा जणांची गोल टेबलं खच्चून भरलेली आणि आमच्या टेबलावर आम्ही दोघंच. आठ स्टुलं रिकामी.

रुआन पी-लिएन ही आमच्या ओकांग बंदराची लेक. तेविसाव्या वर्षी, लष्करी कायदा होता तेव्हा, हाताने छापलेलं एक पत्रक वाटलं म्हणून चार वर्षं तुरुंगात गेली. सुटून आली तेव्हा ह्याच गर्दीने तिला खांद्यावर घेऊन नाचवलं. दोनदा तैपेईच्या विधिमंडळात धाडलं. पण बाईच्या जिभेला हाड नाही. स्वतःच्या पक्षातल्या चोराला चोर म्हणाली, पक्ष सुटला. दोन मुलींना आपसात लग्न करायचा हक्क हवा म्हणाली, सख्ख्या भावाने दार लावलं. प्रत्येक खऱ्या बोलामागे एकेक माणूस गेलं. शेवटी उरलो मी, तेंगफा, तिच्या भोंग्याच्या गाडीचा ड्रायव्हर. मीही तिच्याशी रोज भांडायचो, पण गाडी सोडली नाही.

आता एकाहत्तरीत ती नगराध्यक्षपदाला उभी होती, शेवटचीच. समोर उमेदवार होंगशेठ, आणि त्याला शिंपल्यातली कालवं पिकवायची आमची खाडी बुजवून गोदामं बांधायची होती. खाडी गेली की निम्मं बंदर उपाशी. हे ती घरोघर सांगत फिरली. लोक ऐकत, चहा देत आणि ती वळली की दार लावत. आमच्याकडे वाटेत भेटेल त्याला "जेवलात का?" विचारायची रीत आहे. तिला कुणी ते विचारणंही सोडलं होतं.

"तेंगफा," ती हळूच म्हणाली, "त्या टवका गेलेल्या फाळक्याकडे बघत होतास का? नऊच्या नऊ वेळा सपाट बाजू वर त्याचीच. एकदाही दुसऱ्याची नाही."

मी म्हणालो, "ताई, सूप पिऊन घ्या, थंड होतंय."

पण ती उठलीसुद्धा! "काओ, मलाही कौल लावायचाय. देवाचं दार सगळ्यांना उघडं, असं तूच म्हणतोस ना?"

काओ गडबडीने दुसरी जोडी काढायला लागला. "ती नको," ताई म्हणाली. "देव आत्ताच ह्यातून बोललाय, गरम आहे तोवर हीच दे." लोक हसले. काओला जोडी द्यावीच लागली.

"देवा, मी निवडून येईन का?"

होकार. पुन्हा होकार. पाचव्याला गर्दी उठून उभी राहिली. नवव्याला कालवं सोलणारी किमआजी किंचाळली, "अगं बाई! देव हिच्याही बाजूने! म्हणजे खाडी वाचवायचीय देवाला!" कुणीतरी ताईच्या नावाचा जयजयकार केला. वीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता. होंगशेठचं तोंड बघण्यासारखं झालं, पण बोलणार काय? फाळके त्याचेच!

मी धावत जाऊन ताईचा हात धरला. "बास! गप्प बसा आता, पाया पडतो. जिंकलात तुम्ही!"

तिने माझ्याकडे पाहिलं. एवढं एकटं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, मी बाई नाही, कालव आहे. खरं का?"

होकार.

मंडप खदखदून हसला. "देवा, होंगशेठही कालवच का?" होकार. आता हसू विरत गेलं. तिने आचाऱ्याचा सुरा मागितला आणि दोन्ही फाळके फोडले. टवकेवाल्याच्या फुगीर पोटात शिसं, म्हणून तो नेहमी पोटावर पडे. दुसऱ्यात शिसं सपाट बाजूला, म्हणून तो नेहमी पालथा. कुणीही टाका, काहीही विचारा, उत्तर एकच.

"ज्याला नाही म्हणताच येत नाही," ती म्हणाली, "त्याच्या हो म्हणण्याला काय किंमत?"

वाटलं, लोक आता काओला धरतील. छे! किमआजीच पुढे आली. "खोटं होतं गं, पण आमच्या बाजूने होतं! काय बिघडलं असतं तुझं?" कुणी म्हणालं, सणाच्या दिवशी देवापुढे सुरा चालवला. शनिवारी ताई दोनशे चौदा मतांनी पडली.

मी गाडीत ढसाढसा रडलो. "गप्प बसला असतात तर?"

"तर मला शिशाने निवडून दिलं असतं," ती म्हणाली. "मग उद्या खाडी बुजवा असंही शिसंच सांगणार. तेव्हा कुठल्या तोंडाने नको म्हणू?" मग तिने गाडीची काच खाली केली. "पण वाईट वाटतंय रे. खूप वाटतंय."

वर्ष झालं. होंगशेठने खाडी बुजवण्यासाठी पुन्हा कौल लावायचं काढलं, नव्या फाळक्यांनी. तर किमआजी आडवी आली! "थांबा. आधी विचारा, देवा, मी कालव आहे का? दहादा टाका. एकदा तरी 'नाही' येतंय का बघू." शेठ घामाघूम झाला आणि फाळके खिशात घालून निघून गेला. खाडी अजून आहे. आता आमच्याकडे लग्नाचा कौल असो की होडीचा, आधी कालवाचा प्रश्न विचारतात. तो कुणी शिकवला, हे मात्र कुणी बोलत नाही.

आजही पंगत आहे. ताई तिथेच बसलीय, आठ स्टुलं रिकामी. म्हणून हा भोंगा हातात घेऊन सांगतोय, मंडळी. कौल लावा नाहीतर लावू नका, पण जो कोणी "देव म्हणाला" म्हणेल, त्याला उलटं विचारून बघा. आणि जिने हे विचारायला शिकवलं, तिच्या शेजारी येऊन बसा. जेवलीस का, एवढं विचारा. त्याला देवाचा कौल लागत नाही.