मेघमर्दाच्या पाठीवरची झूल

बैलाची आन, तोरणाची आन, माह्या अंगावर जितके आरसे आहेत त्या सगळ्यायची आन! मी जे सांगते त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलीन तर मले कसर लागो अन् उंदरायनं माह्यात बाळंतपण करो. मी जोरानं सांगून राहिली म्हणून तुम्हाले खोटं वाटत असन, तर तसं काही नाई. आमच्या गावात खरं बी जोरानंच सांगतात.

तर मित्रांनो, मी एक जुनी झूल आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर नक्षीचं कापड टाकतात ना, ते. रंग लाल. काठाले कवड्या, मधात आरसे, अन् चार कोपऱ्याले घुंगरं. मूर्तिजापुराहून अचलपूरले शकुंतला नावाची लहानशी गाडी जाये, तिच्या रुळाच्या काठाले आमचं गाव.

झूल व्हायच्या अगोदर मी कापूस होती. खुशालरावच्या वावरात, काळ्या मातीत. तव्हा मले एकच सवय होती, वर पाहाची. बोंडातून डोकं काढलं का वर पांढरे ढग दिसत. मले वाटे, हे माहे मोठे भाऊ आहेत. आमच्या अगोदर फुटले अन् उडून गेले. एक दिवस मी बी जाईन. पण मले वेचलं, पिंजलं, कातलं, विणलं अन् लाल रंगात बुचकळलं. मंग खुशालरावची नवीनवेली बायको मनकर्णा, तिनं मले मांडीवर घेतलं. एकेक आरसा टाचत ती मनाशीच बोले, "अशी झूल करतो का बैलाले वाटलं पाह्यजे, आज माहंच लगन हाय."

आमचा बैल चांद्या. पहिल्या पोळ्याले त्याच्या पाठीवर बसून मी तोरणाखाली गेली तव्हा लोक बैलाले कमी अन् मले जास्त पाहत होते. हे मले चांद्यानं सोता सांगतलं. थोडा रुसला बी होता.

मनकर्णाले पोरगा झाला, धर्मेंद्र. तो वाचाले शिकला तसं त्याच्या मामानं अकोल्याहून एक चित्रायचं पुस्तक आणलं. त्यात मेघमर्द नावाचा हीरो होता. छातीवर ढगाचं चित्र, पाठीवर लाल कापड. एका हातानं धरण अडवे, एका हातानं रेल्वे उचले. काम झालं का ढगाले सलाम करे अन् निंगून जाये. चहा घ्यायले बी थांबत नसे.

धर्मेंद्रनं ते पुस्तक इतकं वाचलं का त्याचे कोपरे गोल झाले. मंग त्याले पाठीवर लाल कापड पाह्यजे झालं. घरात लाल कापड एकच, खुंटीवर टांगलेली मी. त्यानं मले उतरवलं अन् गळ्याशी गाठ मारली. आता त्या पुस्तकातल्या मेघमर्दाचं कापड हलकं, वाऱ्यावर फडफडणारं. माह्या अंगावर कवड्या, आरसे, घुंगरं! पोराची मान मागं ओढल्या जाये. छन् छन् वाजत येणारा मेघमर्द सगळ्या दुनियेत आमच्याच गावात झाला. चोरायले पळून जायले भरपूर टाइम भेटे.

एक दिवस तो रुळाच्या बाजूले, बाभळीखाली जाऊन उभा राहिला. डावा हात कमरेवर, उजवा हात सरळ पुढं. शकुंतला येऊन राहिली होती, डुलत डुलत, जशी काही तिले कोणी बोलावलंच नाई. अन् मित्रांनो, ती थांबली! इंजिनातून एक डोकं बाहेर आलं.

"काय रे बाबू, बसतं का?"

"नाई. थांबवून पाहिली."

"थांबली ना?"

"हाव."

"मंग आता जाऊ दे. लोकायले घरी जाचं हाय."

धर्मेंद्रनं ढगाले सलाम केला, तव्हा कुठं गाडी हलली.

आता शकुंतला कोणी बी हात दाखवला का थांबे. म्हशीसाठी थांबे. एखाद्या बाईचं पोरगं मागं राहिलं तर त्याच्यासाठी बी थांबे. पण हे धर्मेंद्रले कोणी सांगतलं नाई, अन् मी बी नाई. त्या दिवशी तो रुळावरून नाई, हवेतून घरी आला. मनकर्णानं त्याच्या पाठीवर मले पाहिलं अन् कमरेवर हात ठेवले. "बैलाची झूल पांघरून गाडी थांबवतं? ठीक हाय. पोळ्याले तुलेच तोरणाखाली बांधतो. चांद्याले सुट्टी."

मंग दिवस गेले. चांद्या म्हातारा झाला, अन् एका दुपारी लिंबाच्या सावलीत बसला तो उठलाच नाई. वावरात ट्रॅक्टर आलं. शकुंतला बंद पडली, तिच्या रुळावर गवत वाढलं. मेघमर्दाच्या पुस्तकाचं एकेक पान कुठं गेलं, कोणाले माहीत. मले डांबरगोळ्यायसंगं पेटीत टाकलं. तठी मी झोपत होती. झोपेत मले चांद्याची गरम पाठ लागे. शकुंतला ढगाढगावरून घुंगरं वाजवत जाये अन् तिच्या खिडकीतून सगळे माहे मोठे भाऊ हात हलवत. पेटीत दिवस मोजाले येत नाई. तठी नुसतं मऊ मऊ अंधारं असते.

या वर्षी पोळ्याच्या दिवशी झाकण उघडलं. मले वाटलं, चांद्या आला! पण वरून दिसला धर्मेंद्र, मिशीवाला. संगं त्याची माय मनकर्णा. आता तिले सगळे मनकर्णाबाई म्हणतात अन् तिच्या तोंडात दातापेक्षा गोष्टीच जास्त आहेत.

"माय, ट्रॅक्टरची सीट फाटली," धर्मेंद्र म्हणे. "हे कापड मजबूत हाय. तूच शिवलं, तूच काप."

सीट! ऐकलं का मित्रांनो? मी बैलाच्या पाठीवर बसून मिरवली. अन् आता माह्यावर कोण बसणार? धर्मेंद्र! माहे सगळे आरसे एकदम धुरकट झाले.

तितल्यात त्याची पोरगी वर्षाली धावत आली. पाचवीतली, दोन वेण्यायची. तिनं मले छातीशी धरलं. "बाबा, हे मेघमर्दाचं कापड हाय ना? आजीनं सांगतलं मले. तुमी यानंच गाडी थांबवली होती. उद्या तान्ह्या पोळ्याले मी मेघमर्द बनतो."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरायचा पोळा. पोट्टे लाकडी बैल सजवून आणतात, नाना सोंगं घेतात अन् चांगल्या सोंगाले नंबर भेटते.

वर्षालीचा आतेभाऊ शिवम अमरावतीहून सुट्टीले आला होता. तो मोबाइलवरची मान न उचलता हसला. "मेघमर्द? कोण ओळखीन त्याले? औटडेटेड माल हाय तो. आजकालच्या हीरोयले टेन्शन असते, ते रडतात, चुकतात, एकमेकायशी भांडतात. तुहा हीरो रेल्वे उचलते अन् जाते. त्याले दुःखच नाई काही."

"मंग रेल्वेतल्या लोकायले त्याचं दुःख पाह्यजे का रेल्वे वर पाह्यजे?" वर्षाली म्हणे.

शिवमनं मान उचलली. ते बरोबर लागलं होतं.

"पण एक हाय," वर्षालीच पुढं बोलली. "त्याच्या पुस्तकात बाया नुसत्या 'वाचवा, वाचवा' करत, असं आजी म्हणते. ते मात्र जुनं झालं. म्हणून तर मीच बनून राहिली ना."

धर्मेंद्र मले तिच्या हातातून सोडवू लागला. "बेटा, कोणी ओळखणार नाई. लोक हसतीन तुले. मी सोताच इसरलो तो काय होता अन् काय नाई."

तव्हा मनकर्णाबाईनं हातातली कात्री कमरेले खोचली. तिचे डोळे असे चमकले का मले वाटलं दोन आरसे माह्यावरून निंगून तिच्या तोंडावर गेले. "असं कर. उद्या पोरगी हे घालून उभी राहीन. पूर्ण मैदानात एकानं जरी मेघमर्दाले ओळखलं, त झूल पोरीची. कोणीच नाई ओळखलं, त सीट तुही. पण सांगाचं नाई हं कोणाले, आपोआप ओळखलं पाह्यजे."

"मंजूर," धर्मेंद्र म्हणे, अन् सीटचं माप घ्यायले गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शाळेच्या मैदानात गर्दी. लाकडी बैलायचे चाकं खडखडत होते. एक पोट्टं फवारणीचं ड्रोन बनून आलं होतं, डोक्यावर पुठ्ठ्याचे पंखे अन् पाठीवर पाण्याची बाटली. सगळ्यायवर पाणी मारत फिरे. लय टाळ्या भेटल्या त्याले. माइकवर सूर्यभानजी होते, गावात लगन असो का तान्हा पोळा, माइक त्याईच्याच हातात.

"अन् आता येऊन राहिली धर्मेंद्र पाटलाची वर्षाली! काय सोंग हाय, ओळखा पाहू!"

वर्षाली मधात उभी राहिली. छातीवर खडूनं काढलेला ढग, पाठीवर मी.

"नंदीबैलवाला!" एकजण ओरडला.

"बँडवाला!"

"लगनातली घोडी!"

हशा उठला. शिवम पहिल्या रांगेत बसून बोटानं खूण करे, सांगतलं होतं ना. कात्री मनकर्णाबाईच्या कमरेलेच होती, मले दिसत होती. पोरगी जागीच उभी होती, तरी माहे घुंगरं वाजत होते. तिनं डोळे मिटले अन् हात पुढं केला. पण डावा! उजवा कमरेवर ठेवला. सगळं उलटं.

मैदानाच्या मागं, रस्त्याच्या कडेले ट्रॅक्टर उभं होतं. फाटक्या सीटवर चढून धर्मेंद्र पाहून राहिला होता. तठून आवाज आला, असा का लाकडी बैलायचे कान उभे झाले.

"उजवा, वर्षा, उजवा! डावा कमरेवर! रेल्वे काय डाव्या हातानं उचलतात का? अन् ढगाले सलाम राहिला!"

पूर्ण मैदान मागं वळलं. धर्मेंद्रचा सोताचाच उजवा हात हवेत होता.

"काय गा धर्मेंद्र," सूर्यभानजी माइकवर म्हणत, "तुले काय झालं?"

"अहो, मेघमर्द हाय तो! इतलं बी माहीत नाई तुम्हाले?"

मनकर्णाबाई उठली अन् पदर झटकून टाळी वाजवली. "ओळखलं! एकानं ओळखलं! झूल पोरीची!"

"माय, मी घरचा हावो," तो तिथूनच ओरडला. "मी नाई चालत!"

"एकानं, असं म्हणलं होतं मी. घरचा नाई चालत, असं कोणं म्हणलं?"

धर्मेंद्रनं हात मात्र खाली केला नाई. मित्रांनो, मले तठून त्याची मिशी दिसेनाशी झाली. बाभळीखालचं ते पोरगंच दिसून राहिलं.

वर्षालीनं हात बदलला, ढगाले सलाम केला. अन् तव्हाच मैदानातून वावधन उठलं. गोल गोल धूळ, त्यात कागद, फुलं, तोरणाचे पानं. ते माह्या पोटात शिरलं. मी फुगली. कवड्यायचं वजन गेलं, आरशायचं गेलं. वर्षालीच्या टाचा उचलल्या, मंग बोटं उचलली. आमी दोघी जमिनीपासून वर होतो! बिलांदभर, एक वीत म्हणा, पण वर. मले गवतातले रूळ दिसले, वावरं दिसले, अन् माहे भाऊ, सगळे पांढरे भाऊ, इतके जवळ का एकानं माह्या काठाले बोट लावलं. खालून लाकडी बैल आमच्या मागं धावत होते. मंग वाऱ्यानं आम्हाले हळूच खाली ठेवलं, जसं झोपलेलं लेकरू ठेवतात.

वर्षालीचा पहिला नंबर आला. स्टीलचा डबा भेटला, झाकणावर फूल असलेला.

घरी जाताना ट्रॅक्टरवर शिवम धर्मेंद्रच्या बाजूले चढला. मोबाइल खिशात होता. "मामा, त्यानं धरण अडवलं तव्हा पाणी कुठं गेलं?"

"ढगात," धर्मेंद्र म्हणे, अन् मंग पूर्ण रस्ताभर सांगतच राहिला.

आता मी पेटीत नाई, खुंटीवर आहे. जुने हीरो जुने होतात का? होतात बाप्पा. मी झाली, मेघमर्दबी झाला. त्याच्यातलं जे सडलं ते वर्षालीनं उसवून टाकलं, अन् जे चांगलं होतं ते पाठीवर घेतलं. मित्रांनो, तुमच्या घरीबी कुठं पेटीत एखादं कापड, एखादं गोल कोपऱ्याचं पुस्तक पडलं असन. त्याले वर्षातून एकदा ऊन दाखवत जा. अन् कापाच्या अगोदर घरच्या मोठ्या माणसाले एकदा विचारजा, याचा कोणता हात वर होता?

बरं, आता आन घेतली आहे तर एक सांगूनच टाकते. नंबराचं तेवढं मी मनचं लावलं. पहिला नंबर फवारणीच्या ड्रोनले भेटला. वर्षालीले कोणताच नंबर नाई भेटला, डबाबी नाई, अन् तिनं कोणाले विचारलं बी नाई. धर्मेंद्र अजून फाटक्या सीटवर पोतं टाकून बसते.

उडलो ते मात्र खरं आहे.