शून्य पॉइंट एक

दादाच्या व्हॅनमधून काढलेला सेन्सर मी फेकला नव्हता. तो भंगाराच्या डब्यातून शोधून मी टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला, तेव्हा वहिनी गॅरेजच्या दारात उभ्या होत्या.

दादाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. थंडी म्हणून काचा बंद, हीटर चालू, आणि तो प्रवाशांची वाट बघत गाडीतच बसलेला. धूर आत कोंडला, असं डॉक्टर म्हणाले.

"ह्यांनी गाडी दोनदा आणली होती तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "काय झालं होतं तिला?"

"सेन्सर गेला होता. धुरात ऑक्सिजन किती, ते सांगतो तो. मी बदलला."

तो खरंच गेलेला निघाला, तर माझी सुटका होती. दादानं पहिल्यांदा गाडी आणली, तेव्हा इंजिन चालू असताना सेन्सरला लावलेल्या मीटरवरचा आकडा शून्य पॉइंट एकवरून हलेना, म्हणून मी नवा बसवला. दुसऱ्यांदा गाडी आली, तेव्हा तोही पॉइंट एकच दाखवत होता. माल डुप्लिकेट म्हणून मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली आणि डॅशबोर्डवर पेटणाऱ्या इशाऱ्याच्या दिव्याचा बल्बच काढून टाकला. गाडीत बसलं की डोकं ठणकतं, असं दादा म्हणाला होता. "घरी वहिनी, गाडीत डोकेदुखी, तुझ्या नशिबात सुखच नाही," असं मी म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला आता शिसारी येते.

धुराच्या पाइपला तडा गेला की बाहेरची हवा पाइपात ओढली जाते आणि चांगला सेन्सरही पॉइंट एकच दाखवतो. धूर मात्र त्याच तड्यातून गाडीत शिरतो. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे.

मी सेन्सरला मीटर जोडला आणि बर्नर पेटवून ज्योत त्याच्या टोकावर धरली. ज्योत ऑक्सिजन खाते, सेन्सर चांगला असेल तर आकडा चढायला हवा. आकडा चढत गेला, पॉइंट तीन, पॉइंट सात, पॉइंट नऊ. ज्योत बाजूला घेतली तसा झरकन खाली आला. पुन्हा धरली, पुन्हा चढला. खराब निघ रे बाबा, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. चारदा करून पाहिलं.

"चालतोय का हा?" वहिनींनी विचारलं.

त्यांना मीटरमधलं काही कळत नव्हतं. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

"चालतोय."

"मग बदललात कशाला, भाऊजी?"

मी बर्नर बंद केला.

"गाडीखाली शिरून पाइप बघायचा कंटाळा केला, वहिनी."