पाहुण्यांचा झोपाळा

"मेस्त्री, शिडी जरा घट्ट धरा हं. काकांना वरून खाली बघायची भीती वाटते म्हणतात," ऑफिसातल्या ताई हसत म्हणाल्या.

मेस्त्रींनी शिडी धरलेलीच होती. दोन्ही हातांनी धरून, मान वर करून ते टोपीवाल्या काकांचा हातोडा बघत होते. काकांनी खिळा तुळईवर तिरपा टेकवला, तीनदा ठोकला आणि चौथ्या ठोक्याला तो वाकला. काकांनी तो तसा वाकलेलाच आत बडवला. खाली उभ्या असलेल्या अकरा निळ्या टी-शर्टांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" मेस्त्री म्हणाले. म्हणणं भागच होतं.

काका स्वतःच्या देशात दातांचे डॉक्टर होते. माणूस मोठा प्रेमळ. आल्या दिवशी त्यांनी बालगृहातल्या चाळीसच्या चाळीस मुलामुलींचे दात तपासून दिले होते आणि चौघांची दुखणी दूर केली होती. पण लाकूड म्हणजे दाढ नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? दोन्ही बाजूंना दोन-दोन खांब, त्यावर आडवी तुळई, तुळईला साखळ्या आणि साखळ्यांना सहा पोरी शेजारी शेजारी बसतील एवढी लांब फळी, असा हा झोपाळा. आणि ती सगळी तुळई खांबांवर कशाच्या जोरावर, तर वाकड्या खिळ्यांच्या!

मिशनच्या या बालगृहात दरवर्षी अशी एखादी टीम येई. आठ-दहा दिवस राही, मुलांबरोबर गाणी म्हणे, काहीतरी बांधे किंवा रंगवे आणि डोळे पुसत निघून जाई. आणि बालगृहात एक न लिहिलेला नियम होता: पाहुण्यांच्या कामाला त्यांच्यादेखत हात लावायचा नाही. गाडी फाटकाबाहेर पडली, की मेस्त्री आपली हत्यारांची पेटी काढत. गेल्या वर्षीची भिंत त्यांनी पाडून पहिल्या विटेपासून पुन्हा बांधली होती. त्याच्या आदल्या टीमने जेवणघराच्या खिडक्या इतक्या मनापासून रंगवल्या, की त्या चौकटीलाच चिकटून बसल्या; त्या मोकळ्या करताना मेस्त्रींच्या नाकी नऊ आले. मग पुढच्या वर्षी पाहुणे परत येत, भिंतीवरून हात फिरवत आणि म्हणत, "बघा, अजून कशी ठाम उभी आहे!" मेस्त्री मान डोलवत. यात आपण कुणाला फसवतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. पाहुण्यांनी जीव ओतला, आपण नट-बोल्ट घातले, एवढंच.

याही वेळी सगळं डोक्यात ठरलेलं होतं. उद्या सकाळी प्रार्थना, रिबीन, फोटो. अकराला गाडी. मुलांना 'सिमेंट ओलं आहे' म्हणून तीन दिवस लांब ठेवायचं, तेवढ्यात तुळईला आरपार भोकं पाडायची, चार-चार बोल्ट, दोन्ही बाजूंना तिरपे आधार. मेस्त्री निवांत झोपले.

सकाळी मात्र चिमणी धावत आली. आठ वर्षांची, बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून चिमणी.

"मेस्त्रीमामा, मेस्त्रीमामा! आम्ही सहाजणी पहिल्या बसणार! खूप उंच झोका देणार आणि व्हिडिओ काढणार! माझं नाव पहिलं आहे!"

मेस्त्रींनी चहाचा कप तसाच ठेवला आणि मोठ्या बाईंचं ऑफिस गाठलं. मोठ्या बाई म्हणजे बालगृहाच्या प्रमुख. त्या आरशाशिवायच केस सारखे करत होत्या.

"बाई, पोरींना झोपाळ्यावर बसवणार म्हणे?"

"हो. त्यांच्या चर्चमध्ये दाखवायचंय, येत्या रविवारी. नुसता फोटो नको, मुली झोके घेताना हव्यात."

"नाही बसवायच्या. ती तुळई नुसत्या खिळ्यांवर आहे. निघेल ती."

बाईंचे हात थांबले. "मेस्त्री, हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला आत्ताच कळलं! दरवेळी फोटोच असतो की नुसता."

"आणि बांधत होते तेव्हा? तुम्ही शिडी धरून उभे होतात ना?"

नेहमी आपण असंच करतो, एवढंच मेस्त्रींच्या तोंडावर आलं. ते त्यांनी गिळलं. "सिमेंट ओलं आहे म्हणून सांगा."

"सांगितलं. काका म्हणाले, पिशवीवर चोवीस तास लिहिलंय, आणि ते होऊन गेले." बाई खुर्चीत बसल्या. "हे बघा, मुलींच्या खोल्यांचं छत त्यांच्या चर्चच्या मंडळीने मनावर घेतलंय. काका परत जाऊन बोलणार आहेत. त्या छताला खालून टेकू कुणी लावलेत?"

"मी."

"किती दिवस टिकतील?"

टेकू फार दिवस टिकणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मग त्या माणसाला मी सगळ्यांसमोर सांगू, की तुमचं काम कुचकामी आहे? दोन मिनिटांचा प्रश्न आहे, मेस्त्री. हळूच झोका द्यायला सांगते."

"सहा पोरी बसणार आहेत, बाई."

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाई दुष्ट नव्हत्या. गेली वीस वर्षं त्या तापातल्या पोरांच्या उशाशी बसत आल्या होत्या. पण त्या क्षणी मेस्त्रींना त्यांचा असा राग आला, की तिथे उभं राहवेना. स्वतःचाही आला. काल एक शब्द बोलायला काय झालं होतं?

ते तडक अंगणात गेले. काका रिबीन बांधत होते. ऑफिसातल्या ताई शेजारी होत्या; पाहुण्यांची भाषा साऱ्या बालगृहात त्या एकट्यांनाच येत होती.

"ताई, काकांना सांगा, ही तुळई सुटणार आहे. बोल्ट घालेपर्यंत कुणी बसायचं नाही. मला दोन तास द्या म्हणावं."

ताईंनी एकदा मेस्त्रींकडे पाहिलं, एकदा ऑफिसच्या दाराकडे, आणि काकांशी चांगलं लांबलचक बोलल्या. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी टोपी काढली, मेस्त्रींना घट्ट मिठी मारली आणि डोळे टिपले.

"ताई, काय सांगितलंत तुम्ही?"

ताईंची मान खाली गेली. "काम फार सुंदर झालंय म्हणून सांगितलं. मेस्त्री, असलं कडू माझ्या तोंडून निघत नाही हो. पाहुण्यांना लागेल असं काही बोलायचं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून बजावलंय."

तोवर घंटा झाली. मुलं रांगेत आली, निळे टी-शर्ट अर्धगोल उभे राहिले, एका मुलीने तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावला. बाईंनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

मेस्त्रींनी मिटले नाहीत. बाई देवाचे आभार मानत होत्या, दुरून आलेल्या हातांसाठी, त्यांच्या श्रमांसाठी. मेस्त्रींनी खांबाला तळवा लावून हलकेच रेटा दिला. वर तुळई नखभर सरकली आणि परत जागेवर आली. एका खिळ्याचं डोकं बोटभर बाहेर आलेलं होतं.

'प्रभू, काहीतरी सुचव,' मेस्त्री मनात म्हणाले, 'लवकर सुचव.'

"आमेन," सगळे म्हणाले.

रिबीन कापली. सहाजणी धावत जाऊन फळीवर बसल्या, चिमणी टोकाला. काका मागे जाऊन झोका द्यायला उभे राहिले. बाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या, आणि त्यांचं लक्ष मुलींकडे नव्हतं, मेस्त्रींकडे होतं.

"उठा! उठा गं पोरींनो!" मेस्त्री ओरडत पुढे झाले. "आधी मोठ्यांचा मान!"

"मामा, नाही ना! आमचा नंबर आहे!"

"उठा म्हणतो ना! आणि मागे व्हा, पार भिंतीपर्यंत! मेस्त्रीमामा झोका घेणार म्हणजे काय गंमत आहे का?"

त्यांनी चिमणीला काखेत हात घालून उचललं आणि बाजूला ठेवलं. पाहुणे हसायला लागले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग असेल. काकांनाही त्यांनी हाताला धरून बाजूला केलं. मग छप्पन्न वर्षांचे मेस्त्री चपला काढून फळीवर चढले, साखळ्या धरल्या आणि उभ्याने झोका घेऊ लागले.

"मेस्त्री!" बाई म्हणाल्या.

पहिला झोका, दुसरा झोका. टाळ्यांना ताल आला. मेस्त्री गुडघे वाकवत, जोर लावत होते. चार वर्षांचे होते तेव्हा त्यांना कुणीतरी या फाटकात आणून सोडलं होतं. तेव्हा अंगणात झोपाळा नव्हता. पुढे पाळणे, पलंग, बाकं, घसरगुंडी सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने पोरांसाठी केलं, पण बसून बघायचं वय कधीच निघून गेलं होतं. तिसऱ्या झोक्याला फळी वर गेली, भिंतीपलीकडचा रस्ता दिसला, वारा कानात शिरला आणि पोटात गुदगुल्या झाल्या. मेस्त्रींना चक्क मजा आली. एवढ्या भीतीतही आली, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

वर खिळा किंचाळला. मेस्त्रींनी तो आवाज ओळखला, दात आवळले आणि उरलासुरला सगळा जोर लावून चौथा झोका घेतला.

डाव्या बाजूने तुळई सुटली. मेस्त्री पाठीवर पडले आणि तुळईचं टोक त्यांच्या खांद्याला घासून जमिनीत रुतलं. फळी टोकावर उभी राहिली आणि मग आडवी झाली. चिमणी जिथे बसली होती, ते फळीचं टोक तुळईखाली होतं.

चिमणीने भोकाड पसरलं.

"वय काय आणि वागणं काय!" बाईंचा आवाज चिरकला. "छप्पन्न वर्षांचे झालात! मुलांसाठी दिलेली वस्तू, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत मोडून ठेवलीत! काय म्हणावं तुम्हाला?"

हे बोलणं पाहुण्यांसाठी आहे, हे मेस्त्रींना कळलं. ते उठून बसले, खांदा धरला आणि म्हणाले, "चुकलं, बाई. भान राहिलं नाही."

काका धावत आले होते. त्यांनी मेस्त्रींचा खांदा चाचपला, हाड शाबूत आहे असं खुणेने सांगितलं आणि ताईंशी काही बोलले.

"काका म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. वस्तूच आहे, माणूस वाचला हे महत्त्वाचं," ताई कशाबशा म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला माफ केलंय."

मग बाराही पाहुणे भोवती गुडघ्यांवर बसले. कुणी डोक्यावर हात ठेवला, कुणी पाठीवर, आणि त्यांच्या भाषेत मेस्त्रींसाठी प्रार्थना झाली. ती फार मनापासून होती. मेस्त्री मान खाली घालून, डोळे मिटून बसले. गाडी ठरल्या वेळी, अकराला गेली.

बाईंनी स्वतः झोळी करून मेस्त्रींचा हात गळ्यात बांधला. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागत होता.

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले," त्या म्हणाल्या.

"बोलायलाच हवं होतं. नाहीतर त्यांना कळलं असतं."

"छताचं बघतो म्हणालेत काका, जाता जाता."

"चांगलं झालं. पण बाई, पुढच्या वेळी मी पहिल्याच दिवशी बोलणार. पाहुणे रुसले तर रुसू देत. ताईंनी सांगितलं नाही तर हातवारे करून सांगेन. आज पोरी बसल्या होत्या, बाई. सहाच्या सहा बसल्या होत्या!"

बाईंनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना भान नव्हतं.

तीन दिवसांत मेस्त्रींनी एका हाताने तुळई खाली घेऊन भोकं पाडली. चौथ्या दिवशी वॉचमनच्या मदतीने ती वर चढवली आणि शिडीवरून बोल्ट आवळायला घेतले. एरवी अशा वेळी शिडीखाली पोरांचा गराडा असायचा. कुणी नट हातात देई, कुणी पाना. या चार दिवसांत कुणी फिरकलं नव्हतं. जेवणघरात मेस्त्री शेजारून गेले की पोरी ताटात बघत. मामांनी हावरटपणा केला, पाहुण्यांची भेट मोडली, असं त्यांच्यात ठरलं होतं. आणि पाहुण्यांबद्दल मुलांजवळ वाकडा शब्द काढायचा नाही, हाही नियमच होता. तो मात्र मेस्त्रींना मोडायचा नव्हता. दात दुखायचे थांबलेल्या पोरांनी त्या माणसाला चांगलंच आठवावं, असं त्यांना वाटत होतं.

दुपारी चिमणी आली. शिडीपासून दहा पावलांवर उभी राहिली, हात मागे बांधून.

"झाला का?"

"झाला. हा शेवटचा बोल्ट."

"आता तुम्ही बसणार नाही ना?"

मेस्त्रींनी पाना थांबवला. खाली बघितलं. पोर अगदी गंभीर होती.

"नाही," ते म्हणाले. "शप्पथ."

"शप्पथ घ्यायची नसते, बाईंनी शिकवलंय. नुसतं हो किंवा नाही सांगायचं."

"बरं. नाही बसणार."

"कधीच?"

"कधीच नाही."

चिमणीने थोडा विचार केला. मग ती पुढे आली आणि शिडी धरली, दोन्ही हातांनी.