आधी काच, मग नंबर

नववीचे विषय निवडले गेले ते एका रविवारी, जेवणं आटोपल्यावर, खरकटं टेबल अजून पुसायचं होतं तेव्हा. आणि ज्या मुलीचे विषय होते ती आत भांडी विसळत होती! हसू नका. आपल्यातल्या कितीतरी जणांचे विषय असेच निवडले जातात.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. एक तर तिचा पाय एका जागी ठरत नसे. दुसरं म्हणजे तिच्या बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे भिंगांशी तिचं नातं पाळण्यापासूनचं. टेबलाशी आई, बाबा आणि मोठे काका बसले होते. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, विमा कंपनीत साहेब. जगात असा विषय नव्हता ज्यातलं त्यांना कळत नव्हतं. वाचकहो, तुमच्याही नात्यात असे एक काका असतीलच. नसतील तर जरा आरशात बघा, कदाचित तुम्हीच ते असाल!

"भौतिकशास्त्र?" काकांनी शाळेच्या कागदावर पेन टेकवलं. "मार्क खातं हे. उडव. मोठं गणित? तेही उडव. साधं गणित, पर्यावरण, चित्रकला. सगळे कसे स्कोअरिंग!"

स्कोअरिंग! या शब्दापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. विषयात आहे काय, तो कशाला लागतो, हे कुणी बघत नाही. विषय म्हणजे जणू म्हैस, दूध किती देते तेवढं विचारायचं आणि बांधायची दारात.

"पण या शाळेत एकदा निवडले की बारावीपर्यंत हेच विषय. पुढे दुसरं काही लागलं तर?" आईने चाचरत विचारलं.

"अगं, पुढचं पुढे बघू!"

बाबांनी मान डोलावली. "दादा म्हणतोय तर बरोबरच असेल."

शाळेचीही ना नव्हती. फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा, तर कच्च्या मुलांनी अवघड विषय न घेतलेलेच बरे. आणि भिंगरी? खोटं कशाला बोला, तिला हायसं वाटलं. मोठ्या गणिताला ती टरकून होती. चौदाव्या वर्षी डोक्यावरचं संकट कुणी परस्पर उचलून नेलं, तर माणूस "का नेलं?" असं विचारत नाही. ते विचारायचं काम मोठ्यांचं होतं.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. एका भिंतीवर फ्रेमा, समोर आरसा, मागे पडद्याआड काच घासायचं यंत्र. बाबा पडद्यामागून बाहेर आले की कोपरापर्यंत ओली पांढरी भुकटी लागलेली असायची. शाळा सुटली की भिंगरी तिथेच. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम कशी बसते, काडी कानामागे कुठे टोचते, हे तिला बघताक्षणी कळायचं.

ती अकरावीत असताना शिवणकाम करणाऱ्या एक बाई तिसऱ्यांदा तोच चष्मा घेऊन आल्या.

"दादा, डोकं फुटतं हो हा घालून. सुईत दोरा जात नाही. लोक कापड परत नेऊ लागलेत."

बाबांनी चिठ्ठी पाहिली, चष्मा तपासला. चिठ्ठीत जे होतं तेच चष्म्यात होतं.

"मावशी, तुम्ही सुई किती लांब धरता?" भिंगरीने मधेच विचारलं. बाईंनी हात धरून दाखवला. "आणि डोळे तपासताना हे कुणी विचारलं होतं?"

"नाही बाई. भिंतीवरची अक्षरं तेवढी वाचायला लावली."

बाई गेल्यावर बाबा म्हणाले, "आपण काय करणार? आपण डोळे तपासत नाही, फक्त काच बसवतो."

"मग मी तपासणार!" भिंगरी म्हणाली. ती हे इतक्या जोरात म्हणाली की रस्त्यावरच्या माणसाने वळून पाहिलं. "बाबा, डोळे तपासायला कुठे शिकवतात?"

"कॉलेज असतं त्याचं. आधी बारावी तर हो. पुढचं पुढे बघू."

पुन्हा तेच! पण त्या दिवसापासून भिंगरी नुसती अभ्यासाला भिडली. स्वप्नाला पत्ता मिळाला होता ना! बारावीला तिला नव्वदच्या वर मार्क पडले. शाळेने फलकावर फोटो लावला. काका केक घेऊन आले आणि सुरी हातात घेऊन म्हणाले, "बघितलंत? स्कोअरिंग!"

केक संपायच्या आत भिंगरी कॉम्प्युटरशी बसली. डोळे तपासण्याच्या कोर्सचा अर्ज. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढचा रकाना होता भौतिकशास्त्राच्या मार्कांचा. तिने तो मोकळा सोडला, रकाना लाल झाला. तिने शून्य टाकलं, पुन्हा लाल.

"पर्यावरणाचे टाक की!" काका मागून म्हणाले. "तेही विज्ञानच!"

रकान्याला काकांचं म्हणणं पटलं नाही. अर्ज तिथून एक पाऊल पुढे जाईना.

दुसऱ्या दिवशी बाबांनी भर कामाच्या वेळी दुकानाला कुलूप लावलं आणि दोघं कॉलेजात गेली. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं, भिंतीला टेकून उभी असलेली मुलं आणि त्यांच्या हातात फायली. विभागप्रमुख मॅडमनी दोघांना बसायला सांगितलं, गुणपत्रक नीट वाचलं. त्या चांगल्या होत्या, हेच तर जास्त वाईट. कुणी हिडीसफिडीस केलं असतं तर निदान रागावता आलं असतं.

"मार्क छान आहेत गं तुझे," त्या म्हणाल्या. "पण भौतिकशास्त्र नाही, आणि गणितही साधं. मी तुला घेऊ शकत नाही."

"मी दुप्पट अभ्यास करीन मॅडम. रात्रंदिवस करीन!"

"करशीलही. पण इथे पहिल्या तासाला प्रकाश भिंगातून कसा वळतो तिथून सुरुवात होते. बाकीची मुलं ते शिकून येतात. आणि नियम माझ्या हातात नाही."

बाबा पुढे सरकले. "मॅडम, ही लहानाची मोठी भिंगांतच झालीय हो. दुकान आहे आमचं. काच हातात घेऊन सांगते, जवळची का लांबची."

"तुम्ही स्वतः चष्मे बनवता?"

"हो, लग्नाच्या आधीपासून."

"मग मला एक सांगा. गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी काच घासता आणि मग नंबर विचारता का?"

बाबांना त्याही परिस्थितीत हसू आलं. "असं कसं मॅडम! नंबर कळल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही. एकदा घासली की घासली, ती काही भरून येत..."

आणि ते थांबले.

"तेच सांगतेय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "दरवर्षी या खुर्चीवर कुणीतरी रडतं. चार वर्षं काच घासून येतात आणि मग मला नंबर विचारतात. कुठे जायचंय, तिथे काय लागतं, हे आधी बघायचं आणि मग तिथून उलटं मागे येत नववीचे विषय ठरवायचे. आम्ही ते लपवून ठेवतो का? फोन करा, भेटायला या, कुणालाही सांगतो. पण निकाल लागेपर्यंत कुणी विचारतच नाही हो!"

अरेरे! एक फोन! एका फोनचं काम होतं!

"काहीच मार्ग नाही?" भिंगरीचा आवाज इतका बारीक झाला होता की तिचा तिलाच ओळखू येईना.

"आहे. भौतिक आणि मोठं गणित घेऊन पुन्हा अकरावी-बारावी. दोन वर्षं जातील. सोपं आहे असं मी म्हणणार नाही."

बाबा उठले. काहीतरी बोलायला हवं होतं, मुलीसाठी काहीतरी करायला हवं होतं, आणि त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या चष्म्याची काडी सैल झालीय. घट्ट करून देऊ?"

मॅडमनी चष्मा काढून दिला. त्यांनाही दुसरं काही सुचलं नसावं. बाबांनी खिशातून बारीक पेचकस काढला आणि स्क्रू आवळला. मग काचा रुमालाने पुसून चष्मा परत दिला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला कपाळ टेकून बसली.

"माझं चुकलं पोरी," बाबा म्हणाले.

"तुम्ही कुठे निवडले होते बाबा? काकांनी निवडले."

ती त्यांना धीर द्यायला म्हणाली होती. पण बाबांच्या वर्मी लागलं ते नेमकं हेच.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मैत्रिणी एकेक करून कॉलेजांना लागल्या. भिंगरी त्यांच्या बॅगा भरायला गेली, हसत हसत टाटा करून आली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. आई दारात उभी राहायची आणि परत जायची. काकांनी ओळखीच्या माणसांना फोन लावले. ओळखीने रांग चुकवता येते, न शिकलेला विषय कुठून आणणार? "दुसरं काहीतरी घे," ते म्हणाले. "एवढे मार्क आहेत, कुठेही घेतील."

"मला कुठेही जायचं नाहीये काका." एवढं बोलून ती पुन्हा भिंतीकडे वळली. घरातली भिंगरी फिरायची थांबली होती, आणि ती फिरवायची कशी हे कुणालाच कळत नव्हतं.

अशात काकांची मुलगी टिकली नववीत जायला निघाली. सगळे काकांकडे जमले. तोच शाळेचा कागद आणि काकांच्या हातात तेच पेन.

"भौतिकशास्त्र..." काकांनी सुरुवात केली.

"थांब, दादा."

बाबा! आयुष्यात ज्यांनी थोरल्या भावाचा शब्द मोडला नव्हता ते बाबा! काकूंनी पाण्याचा पेला तसाच हातात धरून ठेवला.

"का थांबू? भिंगरीला नव्वदच्या वर पडले की नाही?"

"पडले. आणि ती घरी बसलीये," बाबा म्हणाले. "टिकलीला विचारलंस का, तिला काय व्हायचंय?"

सगळ्यांनी टिकलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "मला नाही माहीत."

"घ्या! जिला माहीतच नाही तिला काय विचारायचं?"

"काका, मलाही माहीत नव्हतं," भिंगरी म्हणाली. किती दिवसांनी ती एवढं बोलत होती! "म्हणूनच तर सांगतेय. जिला माहीत आहे तिने नको ते विषय खुशाल सोडावेत. जिला माहीत नाही तिने एवढ्यात दारं लावून कशी घ्यायची?"

"अगं, तिला गणित जड जातं."

"मग शिकवणारं कुणीतरी शोधू. मी बसेन तिच्याबरोबर, मलाही आता शिकायचंच आहे. जड जातं ते सगळं काढून टाकलं, तर तिला सोपं काय ते कळेल. आवडतं काय, ते कधी कळणार?"

काकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी तुझं नुकसान केलं, असं म्हणायचंय का तुला?"

कुणीच "नाही" म्हणालं नाही. काकूही नाही, आईही नाही.

काकांनी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग पेन खाली ठेवलं. "मला खरंच वाटायचं गं," ते कसेबसे म्हणाले, "की मार्क असले की सगळं होतं. आमच्या वेळी व्हायचं." त्यांनी कागद टिकलीपुढे सरकवला. "आधी चौकशी करू. तोवर यावर काही लिहू नकोस."

भिंगरीचं काय झालं? वाचकहो, इथे मला तुम्हाला खूश करता येत नाही. मॅडमनी नियम बदलला नाही, कुणी देवदूत आला नाही. ती पुन्हा अकरावीत बसते, धाकटी मुलं तिला ताई म्हणतात, आणि भौतिकशास्त्राच्या पहिल्या चाचणीत ती चक्क नापास झाली. तिची दोन वर्षं तिला कुणीही परत देणार नाही. आई देऊ शकत नाही, बाबा देऊ शकत नाहीत, आणि फलकावरचा फोटो तर नाहीच नाही.

म्हणून माझ्या बरोबरीच्या मुलामुलींनो, आणि त्यांच्या आईबाबांनो, विषय मार्कांसाठी निवडू नका, जिथे पोहोचायचंय त्या जागेसाठी निवडा. जागा ठरली नसेल तर निदान वाटा मोकळ्या ठेवा. आणि चौकशी निकालाच्या दिवशी नको, विषय निवडायच्या आधी करा. विचारायला लाज कसली? लाज न विचारण्याची वाटायला हवी!

आणि हो, टिकलीच्या त्या बैठकीनंतरच्या सोमवारी सकाळी मोठ्या काकांनी ऑफिसला जायच्या आधी एका कॉलेजला फोन लावला. टिकली शेजारी वही घेऊन बसली होती. पलीकडून कुणीतरी विचारलं, काय हवंय. सगळ्यातलं सगळं कळणारे काका घसा खाकरून म्हणाले, "मला माहीत नाही, म्हणून विचारतोय."

भिंगरीसाठी हे वाक्य चार वर्षं उशिरा आलं. तुमच्या घरी ते वेळेवर येऊ दे!