आईनं रचलेले दगड

माझी आई गेली त्याच वर्षी बहिणीला मुलगी झाली. आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखाच्या रीतीप्रमाणे तिला आईचंच नाव ठेवलं, अलासुआक. नावाबरोबर नातंही आलं. शेंबूड पुसता न येणाऱ्या त्या पोरीला मी आई म्हणायचो, ती मला बाळा. मग ती दक्षिणेत शिकायला गेली आणि परतल्यावर चारचौघांत मला मामा म्हणायला लागली. लागलं मला ते.

यंदा ती इंजिनीअर होऊन गावची जमीन तपासायला आली. गावचा जुना इंटरनेटचा मनोरा खचून वाकलाय, फोन आणि इंटरनेट कधी जाईल त्याचा नेम नाही, दवाखान्यातली नर्स शहरातल्या डॉक्टरशी बोलत असताना फोन मध्येच तुटतो. नव्या मनोऱ्याचं लोखंड घेऊन हंगामातलं शेवटचं जहाज निघालेलं. पंचायतीला मनोरा वीजघराशेजारच्या सपाटीवर हवा होता. ड्रिलवर मीच होतो. माती निघाली ती दगडासारखी घट्ट. मी म्हटलं, झालं काम. ती हसली आणि तो गोठलेला तुकडा बादलीत घालून माझ्याच चुलीपाशी ठेवला. जेवणं होईतो बादलीत पाणीच पाणी, तळाला मूठभर गाळ. नुसता बर्फ होता तो. त्यावर उभं केलेलं काहीही उद्या वाकणारच.

मग तिनं सगळा किनारा पालथा घातला. पक्का खडक एकाच जागी लागला, टेकाडावर, माझ्या मासे सुकवायच्या तंबूला खेटून. तंबूभोवतीचे दगड उचलल्याशिवाय तिथं मनोरा बसणार नव्हता.

मी म्हटलं, मनोरा गेला खड्ड्यात. ते दगड आईनं तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात स्वतः वाहून आणलेत. पंचायतीनं समजावलं, बहीण रडली, नर्स घरी येऊन गेली. मी ढिम्म हललो नाही. हा हट्टही आईचाच.

जहाज खाडीत शिरलं त्या सकाळी भाची टेकाडावर आली. दारात बसून माझ्या हातचा सुका मासा खाल्ला.

"ते दगड आईनं ठेवलेत," मी म्हणालो. "कुणाला हात लावू देणार नाही."

"कुणी ठेवलेत?"

"आईनं."

"म्हणजे मीच ना रे, बाळा? माझे आहेत, मी उचलते."

किती वर्षांनी ऐकलं ते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. ती वाकून पहिल्याच दगडाशी झटायला लागली. दगड काही हलेना, तीही सोडेना.

"कंबर मोडेल तुझी, आई," मी म्हणालो आणि दुसऱ्या बाजूनं हात घातला.