नावाचा कागद

कोरियातल्या बे घराण्यात आता एकाही पुरुषाला चिनी अक्षरं वाचता येत नव्हती, आणि हे कबूल करायला कुणी तयार नव्हतं. माल्सुनचे सासरे होते तोवर सणाला पितरांच्या ताटामागे लावायचा नावाचा कागद ते त्याच अक्षरांत लिहायचे. ते गेल्यावर काम गुपचूप माल्सुनकडे आलं, कारण तिच्या वडिलांनी आयुष्यभर गावात तीच अक्षरं शिकवली होती. चुलतसासरे ग्वांगसोप एकदाच कुरकुरले, “बाईच्या हातचा कागद?” पण दुसरं लिहिणार कोण?

ग्वांगसोप म्हणजे घराण्याचे वडीलधारे. पितरांच्या ताटात बोरं पूर्वेला, नाशपाती पश्चिमेला, माशाचं तोंड कुणीकडे, सगळं त्यांना पाठ. आठ वर्षांपूर्वी माल्सुनची एकुलती लेक ओक्जू एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली, तेव्हा घराण्याच्या टेकडीवर तिच्यापुरती जागा मागायला नवरा-बायको त्यांच्या दारात गुडघे टेकून बसले होते.

“बिनलग्नाची पोर कुणाचीच नसते,” ग्वांगसोप म्हणाले. “तिला ना थडगं, ना ताट. नदीत सोडा आणि मोकळे व्हा. आणि सूनबाई, रडायचं ते घरी जाऊन. माझ्याकडे पाहुणे आहेत.”

नवरा जोंगमान मान खाली घालून उठला. राख नाकडोंग नदीच्या पाण्यात गेली.

पुढच्या चुसोकला, पितरांना ताट वाढायच्या सणाला, माल्सुननं शाई घोटली आणि सासऱ्यांच्या जागी लेकीचं नाव लिहिलं. सासऱ्यांचं ताट तिनं आदल्याच दिवशी स्वयंपाकघरात वाढलं होतं. “मामंजी, तुम्ही इथं जेवून घ्या,” ती म्हणाली. “तुमच्या भावाला जरा वाकवायचंय.”

आणि ते वाकले. जमिनीला कपाळ टेकून, दोनदा. मग रिवाजाप्रमाणे कागद स्वतःच्या हातानं जाळला. पहिल्या वर्षी माल्सुन दाराआड पळायच्या तयारीत उभी होती. दुसऱ्या वर्षी तिला बरं वाटलं. सातव्या वर्षापर्यंत मात्र त्यातली गोडी गेली. ज्याला कळतच नाही, त्याच्यावर सूड तो कसला!

या वर्षी ग्वांगसोप आले ते टोमणा मारतच. “मुलगा नाही तुम्हाला. तुमच्यामागे पितर उपाशी मरणार, सूनबाई. काय तोंड दाखवाल वर?”

“बघू,” माल्सुन म्हणाली. आत जाऊन तिनं नवा कागद घेतला आणि या खेपेला साध्या कोरियन अक्षरांत लिहिलं, शेंबडं पोरही वाचेल असं.

वाकताना पडतो म्हणून ग्वांगसोप चष्मा काढून ठेवत. इतर मंडळी मागं. ताटाजवळ सगळ्यात पुढे होता जोंगमान. त्यानं मद्याचा पेला भरला, मान वर केली आणि कागद वाचला. आता हा ओरडणार, माल्सुनला वाटलं. जोंगमाननं वळून बायकोकडे एकदा पाहिलं, पेला नीट ठेवला आणि कपाळ टेकलं. बापानं लेकीपुढे. मागोमाग सगळे वाकले.

मग ग्वांगसोपनी चष्मा चढवला आणि जाळायला कागद उतरवला.

“हे काय?” त्यांचा आवाज चिरकला. “बे ओक्जू? ही... ती पोर?”

“तीच. काका, सात वर्षं झाली, तुम्ही तिच्याच पाया पडताय.”

“खोटं! साफ खोटं!”

“मग जुने कागद दाखवा की. तुमच्याच हातानं जाळलेत ना?”

ग्वांगसोप जोंगमानकडे वळले. “अरे, तुझी बायको काय बोलतेय, ऐकतोस ना?”

“आधी ताट होऊ दे, काका,” जोंगमान म्हणाला. “लेकरू जेवतंय.”

ग्वांगसोप प्रसादाच्या मद्याला न शिवता निघाले. कागद चुरगळून फेकला होता. माल्सुननं तो उचलून गुडघ्यावर सरळ केला. दुपारपर्यंत गावभर झालं. कुणी म्हणालं, बाई वेडी. पाणवठ्यावर बाया मात्र तोंडावर हात धरून ग्वांगसोपना हसल्या.

वसंतात जोंगमाननं टेकडीवर थडग्याचा एक लहानसा उंचवटा रचला. आत ओक्जूचा निळा कोट पुरला. अडवायला कुणी आलं नाही. अडवायचं, तर सात वर्षं तिच्याच पाया पडल्याचं चारचौघांत पुन्हा निघालं असतं.

पुढे ग्वांगसोपनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांची सून निरोप घेऊन आली. “मामंजी म्हणतात, झालं गेलं विसरावं. तुम्ही एकदा येऊन जा.”

माल्सुन मुळे चिरत होती. तिनं सुरी थांबवली नाही.

“त्यांना म्हणावं, टेकडी माहीत आहे त्यांना,” ती म्हणाली. “काय सांगायचं ते ओक्जूला जाऊन सांगावं.”