वळणावरचा लाल दगड

दचकू नका, तुमच्या पायाखालची पायवाटच बोलतेय. खरं तर घाबरलेय ती मी.

खामगावच्या कडेला, वस्तीपासून भाजीच्या मळ्यापर्यंत मी जाते. मला कुणी बांधलं नाही. बायका टोपल्या घेऊन एकीमागे एक चालल्या, गवत मागे सरलं आणि माझा जन्म झाला. त्यांची एक गंमत सांगू? टोपली रिकामी असली की बडबड करत जातात, भरलेली असली की गप्प.

मग प्लॉट पाडायला गजेंद्रशेठ आले. मी नेमकी त्यांच्या प्लॉटांमधून जाते. ते नगरपालिकेच्या साहेबांना म्हणाले, "वाट जराशी बाजूनं वळवून देतो. फुकट नाही म्हणत, शुल्क भरलं ना म्या."

माझ्या अंगावर काटा आला. माझ्यावरून चालायला कधी कुणाला पैसा पडला नव्हता आणि मला उठवायचे पैसे भरूनही झाले होते!

साहेब मात्र म्हणाले, "लोक जुन्या वाटेनंच जात असतील तर विचार करावा लागेल. मी येऊन बघतो." मला जरा धीर आला. पाय तर सगळे माझ्यावरच पडत होते.

शेठ काढणार होते त्या नव्या वाटेच्या वळणावर मोजणीवाल्यांनी खुणेचा दगड रोवला आणि त्याला लाल रंग फासला. दुसऱ्या दिवशी मळ्यात निघालेली कोकिळा तो बघून थबकली. तिनं चप्पल काढली.

"अवं, इथं तं देव बसला!"

हळदकुंकू आलं, नारळ फुटला. आता देवाचं दर्शन टाळून कोण पुढं जाणार? साऱ्याजणी तिकडूनच वळू लागल्या. मी जीव तोडून ओरडले, पण वाटेचं कुणाला ऐकू येतं? माझ्या अंगावर गवत उगवलं. त्या इवल्याशा गवताची मला फार भीती वाटते.

साहेब आले. "लोकांनी नवी वाट धरलीच आहे की," म्हणाले आणि मंजुरी देऊन गेले.

आता माझ्यावरून एकटी अन्नपूर्णाबाई जाते. तिला अंधुकच दिसतं. तिची सून रुपाली कुरकुरते, "आत्याबाई, साऱ्या तिकून जातात. तुम्ही काऊन इकून जाता?"

"मले तिकडचं दिसत नाही वं. हे वाट माह्या पायाले पाठ हाय."

ती आली की मी खडे पोटात घेते.

आज दुपारी माझ्या आडवे सिमेंटचे खांब उभे राहिले. संध्याकाळी त्यांना काटेरी तार ओढली. रुपाली माहेरी गेलीय. सकाळी अन्नपूर्णाबाई निघेल, दोन्ही हात डोक्यावरच्या टोपलीला, चाल नेहमीसारखी भरभर. माझ्यावर तिचा विश्वास आहे, म्हणून ती चाचपत नाही.

मला वळवा, पुसून टाका, आता माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही या बाजूला राहत असाल तर उद्या जरा लवकर उठा. तारेपाशी उभे राहा आणि तिला हाक मारा. मला हाक मारता येत नाही.